सुरभीच्या गळ्यातलं पदक

पाप कसं दिसतं हे पाहायला त्या रविवारी वणीच्या आमच्या कोळसा कॉलनीमागच्या मैदानात निम्मं गाव लोटलं होतं. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आलेले आम्ही मूठभर कॅथलिक होतोच, पण आमच्याहून कितीतरी जास्त बाकीचे होते. डंपरवाले, जिनिंगमधले कामगार, बाजाराला आलेले शेतकरी, जवळच्या तांड्यावरच्या बाया. चमत्कार म्हटला की आपल्याकडे कुणी कुणाला जात-धर्म विचारत नाही. हीच एकी पाण्याच्या टँकरपाशी दिसली असती तर किती बरं झालं असतं.

मांडवातल्या स्टेजवर ब्रदर जीवन उभे होते. पायघोळ पांढरा झगा, छातीवर वीतभर क्रूस, हातात माइक. ते कुठल्या संस्थेचे ब्रदर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या फादरांनी एकदा विचारलं, तर "मी थेट वरूनच आलो" असं उत्तर मिळालं होतं. त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर गॅसची शेगडी आणि शेगडीवर जर्मनचा मोठा गंज. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आमच्याकडे हेच म्हणतात. गंजावर पांढरं फडकं टाकलेलं आणि फडक्यातून वाफ निघत होती.

"डॉक्टर एक्स-रे काढतो," ब्रदर म्हणाले. "हाडं दिसतात. पाप दिसतं का? रक्त तपासतो, साखर सापडते. पाप सापडतं का? भाऊ, ज्याच्यामुळं बिमारी आहे तेच यांच्या मशीनमध्ये येत नाही, अन् तुम्ही गोळ्या खात बसता. आता माझ्या मरियामाउलीची मशीन बघा. ना लाइट लागत, ना रिपोर्ट लागत."

ही मशीन म्हणजे तपकिरी कापडाचा लहानसा बटवा. आम्हा कॅथलिकांत स्कॅप्युलर घालायची जुनी रीत आहे. तपकिरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोरीनं जोडलेले असतात, एक छातीवर येतो, एक पाठीवर. ब्रदरांनी त्याच रंगाचं, तसल्याच दोरीचं काहीतरी शिवून त्याला 'माउलीचं कवच' असं नाव दिलं होतं. चांदीचं पदक, क्रूस, नाहीतर घरातली कुठलीही चांदी त्या कवचात घालायची आणि ते गळ्यात बांधायचं. घरात लपवलेलं पाप असेल तर चांदी काळी पडते. मग स्टेजवर येऊन माइकवर पाप कबूल करायचं. कबुली खरी असली की गंजातल्या पवित्र पाण्यात चांदी पुन्हा पांढरी होते. कवच फाटलं किंवा भिजलं तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, ब्रदरांनाच परत आणून द्यायचं.

आधीच्या रविवारी वाटलेल्या कवचात ठेवून काळी पडली नाही अशी चांदी त्या मैदानात कुणाकडेच नव्हती. तांड्यावरच्या हंसाबाईची अंगठीही काळी पडली होती. ब्रदरांनी माइक पुढे केला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्या त काईच केलं नाई. माह्या सासूनं केलं असन. पण ते त मेली, आता कबूल कोण करन?" लोक हसले, ब्रदर हसले नाहीत. मेलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना लागते असं सांगून त्यांनी तिला अंगठीसकट बाजूला बसवलं. मीही पोटभर हसून घेतलं.

मग सिसिलबाई स्टेजवर चढली आणि माझं हसू गेलं.

सिसिलबाई माझी शेजारीण. तिचा नवरा अँथनी खाणीत डंपर चालवतो. मी स्टेला, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि कॉलनीत सगळे मला टीचर म्हणतात. सिसिलबाईची एकुलती एक मुलगी सुरभी माझ्याच वर्गात, सातवीत आहे. तिला लहानपणापासून फिट येतात. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बांधून दिल्या आहेत, आणि त्या रोज घेतल्या तर वर्षभरसुद्धा काही होत नाही. सुरभीच्या गळ्यात बाप्तिस्म्याला मिळालेलं मरियामातेचं चांदीचं पदक असतं. आता ते कवचात होतं, आणि ब्रदरांनी ते बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं तेव्हा तव्याच्या बुडासारखं काळं दिसलं.

सिसिलबाईनं माइक दोन्ही हातांनी धरला. सुरभी तिच्या पदराला धरून उभी होती.

"सुरभी पोटात होती," ती म्हणाली, "तवा मले हे लेकरू नको होतं. ह्यांची नोकरी गेलती. मी गोळ्या आणल्या होत्या. पाडायच्या."

ब्रदरांनी चिमट्यानं पदक गंजात सोडलं आणि डोळे मिटले. "वास येतो का? पुढच्यांना विचारतो, वास येतो का?" पुढच्या रांगा म्हणाल्या, येतो, सडक्या अंड्यासारखा येतो. "हा पापाचा वास. बाहेर पडून राह्यलं पाप." जरा वेळानं चिमटा वर आला आणि पदक लख्ख होतं. लोकांनी हात जोडले. मी मागे उभी होते, माझ्यापर्यंत वास पोचला नाही. मला दिसला तो सुरभीचा चेहरा. ती पदकाकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

संध्याकाळी मी सिसिलबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. माझा राग मला आवरत नव्हता.

"चांदी आहे, काळी पडणारच," मी म्हणाले. "इथं हवेत कोळसा आहे, धूर आहे. त्यात पाप कुठून आलं?"

"तुमी बी याच हवेत राह्यता ना, टीचर? मंग तुमच्या गळ्यातलं काहून नाई पडत?"

माझ्याही गळ्यात तसंच पदक आहे. आईनं लावलेल्या सवयीनं मी ते आंघोळीला जाताना काढून ठेवते, अत्तर-पावडर लागू देत नाही, मऊ सुती फडक्यानं पुसते. ते पांढरंशुभ्र होतं. पण दोघींच्या चांदीत एवढा फरक निव्वळ फडक्यानं पडत नाही, हे मलाही कळत होतं. जन्मभर विज्ञान शिकवून शेजारणीच्या साध्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, हे मला फार झोंबलं. तिनं दार लावून घेतलं.

बुधवारपर्यंत सुरभीचं पदक कवचात पुन्हा काळं झालं. ब्रदर म्हणाले, अजून काहीतरी लपवलंय. मग सिसिलबाई पापं शोधायला लागली. दूधवाल्याची माफी मागितली, कारण कधीतरी तिनं त्याच्या दुधाला नावं ठेवली होती. उमरखेडच्या जावेला फोन करून कुठल्याशा जुन्या भांडणाची माफी मागितली, तेव्हा जावेला ते भांडण आठवतसुद्धा नव्हतं. लग्नाआधी आईशी खोटं बोलली होती ते आठवून चर्चमध्ये एकटीच रडत बसली. फादरांनी तिला समजावलं, "बाई, त्या गोळ्यांचं तू माझ्यापाशी केव्हाच बोलली आहेस. देवानं माफ केलंय." पण फादरांपाशी गंज नव्हता. देवाच्या माफीचा पुरावा हातात धरता येत नाही, ब्रदरांच्या माफीचा पुरावा चिमट्यात चकाकत होता.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नाही, अँथनीलाही नाही. तिनं सुरभीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पदक नऊ दिवस सलग पांढरं राहिलं की मग बघू, तोवर गोळी घेणं म्हणजे माउलीवर अविश्वास, असं ब्रदरांनी बजावलं होतं.

ते उघड झालं शुक्रवारी, माझ्याच वर्गात. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागे बाक पडल्याचा आवाज आला. सुरभी जमिनीवर होती, हातपाय झटके देत होते. आम्ही तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा दुपट्टा घातला, पण झटके थांबेनात. मुख्याध्यापकांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर तिचं अंग सैल पडलं. त्या ओढाताणीत कवचाची दोरी तुटली, कापड फाटलं, लाळेनं आणि फुटलेल्या ओठाच्या रक्तानं भिजलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी "हो" म्हणाले. निरोप मिळून धावत आलेल्या सिसिलबाईनं माझ्यामागे मान खाली घातली, गोळ्या बंद आहेत हे तेव्हा मला कळलं आणि मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

दुपारी सुरभी शुद्धीवर आली. पहिल्यांदा तिनं मला जवळ बोलावलं. "टीचर, आईले रागावू नका," ती हळूच म्हणाली. "माह्यामुळंच तिले सगळ्याईसमोर तसं बोलावं लागलं."

बाहेर बाकावर आई म्हणत होती, माझ्या पापानं झालं. आत लेक म्हणत होती, माझ्यामुळं झालं. ज्याच्यामुळं झालं तो कुठेतरी पुढच्या रविवारचा मांडव घालत होता. डॉक्टरांनी नव्यानं दिलेल्या गोळ्या सिसिलबाईनं मुकाट्यानं घेतल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवल्या. त्या पिशवीतून बाहेर निघतील का, याचीच मला धास्ती होती.

शनिवारी सकाळी, सुरभीला घरी सोडल्यावर, मी त्यांच्याकडे गेले. पदक काढून घेतलेलं ते घाण कवच ओट्यावर पडलं होतं. मी ते उचलून कचऱ्याच्या डब्याकडे वळले.

"टाकू नका, टीचर. आशीर्वादाची वस्तू कचऱ्यात नाई टाकत."

हे मलाही माहीत होतं. तुटलेली जपमाळ, फाटलेलं स्कॅप्युलर, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या, हे काहीच आमच्या घरांत फेकत नाहीत. जाळतात आणि राख झाडाच्या मुळाशी घालतात, नाहीतर पुरतात. लहान पोरालाही ठाऊक असलेली ही रीत ब्रदर जीवनांना ठाऊक नसावी, नाहीतर त्यांनी कवचं भलत्याच वस्तूनं भरली नसती.

"ब्रदर म्हणे माह्यापाशीच आणून दे," सिसिलबाई म्हणाली. "पण रक्त लागलेली वस्तू तशीच घरात कशी ठेवू? माही आई असती त तिनं आत्ताच्या आत्ता जाळली असती. अजून एक पाप कायले डोक्यावर घेऊ?"

मागच्या अंगणात गुलाबाच्या आळ्यापाशी तिनं कवच एका खापरीवर ठेवलं, क्रूसाची खूण केली आणि काडी लावली. आधी कापड कापडासारखंच जळलं. मग शिवणीपाशी ज्योत निळी झाली. निळी, बुटकी, कडेकडेनं सरकणारी. खापरीवर लालसर काहीतरी वितळून ठिपकलं आणि असा धूर सुटला की आम्ही दोघी खोकत मागे सरलो. डोळ्यांतून पाणी आलं, घसा धरला.

सिसिलबाई मटकन जमिनीवर बसली. "पाहा, टीचर," ती म्हणाली. "अग्नी अन् गंधक. बायबलात लिवलं तेच. माह्या अंगणात नरक जळून राह्यला."

ती काय म्हणते ते मी ऐकलं आणि मला नरक नाही, शाळेची प्रयोगशाळा आठवली. दरवर्षी मुलांना खिडक्या उघडायला लावून मी चमच्यात हेच जाळून दाखवते, अशीच निळी ज्योत, असाच घसा धरणारा धूर. "सिसिलबाई," मी म्हणाले, "हा गंधकच आहे. पण नरकातला नाही. कृषी केंद्रात पिवळी पावडर मिळते ना, मिरचीवर भुरी रोग आला की मारतात, ती आहे ही."

तिनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं. इतके दिवस ती ज्याच्याखाली वाकली होती, ते एका पिवळ्या पावडरीवर कसं सोडून देणार?

मी तांड्यावर जाऊन हंसाबाईचं कवच मागून आणलं. सुरभी पलंगावर उशीला टेकून बसली होती. दोघींसमोर मी ब्लेडनं शिवण उसवली. आत दोन कापडांच्या मधे जाडसर नमदा, दाबलेल्या लोकरीचा तुकडा होता आणि त्या नमद्यात पिवळी भुकटी थापलेली होती. मी माझ्या गळ्यातलं पदक काढलं, त्यात घातलं आणि ते कवच कुणाच्याच गळ्यात न बांधता खिडकीत उन्हात ठेवून दिलं.

संध्याकाळी उघडलं तर माझं पदक काळं पडलं होतं.

सुरभीनं ते खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, "खिडकीनं काय पाप केलं असन, आई?"

पुढचं तिनंच केलं. स्वयंपाकघरातला जर्मनचा गंज घेतला, पाणी उकळलं, त्यात खायचा सोडा आणि मीठ टाकलं, आणि मी सांगितलं तसं माझं पदक गंजाच्या बुडाला टेकेल असं आत सोडलं. सडक्या अंड्यांचा वास आला. पदक पांढरं झालं. चांदीला गंधक चिकटला की तिच्यावर काळा थर बसतो. गरम सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम तो गंधक चांदीपासून ओढून घेतं आणि त्यातला थोडासा वायू होऊन उडून जातो, त्याचाच तो वास. एवढंच होतं सगळं, माउलीचं कवच आणि पवित्र पाणी आणि पापाचा वास.

"मी काईच कबूल नाई केलं, आई," सुरभी म्हणाली. "टीचरनं बी नाई केलं."

सिसिलबाईनं पदक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि रडायला लागली. मग तिनं डोळे पुसले. "उद्या मी जाईन स्टेजवर," ती म्हणाली. "तुमी फक्त शेगडी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा भरलं. रात्रीच आम्ही सगळं सांगितल्यामुळं फादर पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी अँथनी. सिसिलबाईला पाहून जीवन खूश झाला. आता त्याला आदरार्थी संबोधायचं मला काही कारण उरलेलं नाही.

"ये, बेटी. मुलीला फिट आली म्हणे? मी सांगितलं होतं, काहीतरी राहून गेलंय. बोल, काय लपवलं?"

सिसिलबाईनं सुरभीचं अजून काळंच असलेलं पदक स्वतःच गंजात टाकलं आणि माइक घेतला. "काल भाजीत मीठ जास्त पडलं," ती म्हणाली. "दुसरं काई सांगायचं नाई मले."

लोक हसले. जीवननं चिमटा उचलायला हात पुढे केला, तोवर तिनं पळीनं पदक बाहेर काढून वर धरलं होतं. लख्ख पांढरं.

मग सुरभीनं आमच्या शेगडीवर आमचा गंज ठेवला आणि हंसाबाईची अंगठी मागितली. अंगठी पांढरी निघाली तेव्हा हंसाबाई म्हणाली, "माह्या सासूनं त वरून काई कबूल केल्याचं मले ऐकू नाई आलं." मी पुढच्या रांगेतल्या एकाचं कवच मागून घेतलं आणि उसवून पिवळी भुकटी लोकांच्या हातावर दिली. शेतकऱ्यांना ओळखायला वेळ लागला नाही. उरलेलं कवच पेटवलं, निळी ज्योत सगळ्यांनी पाहिली आणि पुढच्या रांगा खोकत उठल्या.

"ब्रदर," सिसिलबाई म्हणाली, "तुमच्या छातीवरचा क्रूस या कवचात घाला. पुढच्या रविवारी पाहू काळा पडते का."

जीवननं क्रूस मुठीत धरला. "हा चांदीचा नाही," तो म्हणाला. त्या माइकवर त्यानं केलेली ती एकमेव खरी कबुली. अँथनी आणि फादरांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, आणि संध्याकाळपर्यंत पोलीस त्याला आणि त्याच्या गंजाला घेऊन गेले.

मला वाटलं, झालं. आम्ही घरी आलो, चहा झाला. सिसिलबाई कपाकडे बघत बसली होती.

"चांदीचं समजलं, टीचर," ती म्हणाली. "पण मी बोलली ते त खरं होतं ना. गंधक त्यानं कवचात भरला. ते दुसरं मात्र माह्यातच होतं. सुरभीनं ऐकलं ते."

यावर माझ्याकडे कुठलाही प्रयोग नव्हता.

सुरभीनं विचारलं, "आई, मंग घेतल्या काहून नाई?"

"काय?"

"त्या गोळ्या."

सिसिलबाईनं कप बाजूला सरकवला. "रोज म्हणे, उद्या घेऊ. उद्या घेऊ. पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. मंग एक दिवस पेटी उघडली त वर तुही झबली होती, मीच शिवून ठेवलेली. गोळ्या त्याच्याखाली गेल्या होत्या. झबली कवा शिवाले घेतली, मलेच आठवत नाई."

सुरभीनं आईसमोर तळवा पसरला. "मंग आता माही दे," ती म्हणाली. "वेळ झाली."

सिसिलबाईनं पिशवीच्या तळाशी हात घातला, पाकीट काढलं आणि गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. सुरभीनं ती पाण्याबरोबर गिळली आणि आ करून आईला दाखवलं, लहानपणी दाखवायची तसं.

माझ्या गळ्यात आजही माझं पदक आहे आणि सुरभीच्या गळ्यात तिचं. श्रद्धा ठेवू नका असं मी कुणालाच सांगत नाही. एवढंच सांगते की चांदी काळी पडली तर आधी ती कशात गुंडाळली होती ते बघा. मऊ कापडानं पुसा, कोरड्या सुती फडक्यात ठेवा. मनावर ओझं असेल तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याजवळ बोला. जो ते माइकवर मागतो त्याला देऊ नका, त्याला तुमचं ओझं हलकं करायचं नसतं, त्याला ते वापरायचं असतं. आणि कुणीही, कितीही पांढऱ्या कपड्यातला असो, तुमच्या लेकराची गोळी थांबवायला सांगू लागला, तर तिथून तसंच उठा आणि घरी जाऊन आधी गोळी द्या.